कॅट ऑस्टरमनला कॉलेजात एकही विजेतेपद नाही, मग ती सर्वश्रेष्ठांत कशी?

मानसी_के

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या मुलीचा आहे. मला त्याचं धड उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे विचारते.

ती तेरा वर्षांची आहे, डावखुरी आहे आणि चार वर्षं सॉफ्टबॉलचं पिचिंग (बॅटरला चेंडू टाकण्याचं काम) करतेय. आम्ही डॅलसजवळ राहतो. शाळेच्या एका प्रकल्पासाठी तिनं अमेरिकन कॉलेज सॉफ्टबॉलमधल्या मोठ्या पिचर मुलींचा तक्ता केला. जिंकलेले सामने, हरलेले सामने, अर्न्ड रनची सरासरी (पिचरनं सामन्यामागे दिलेल्या धावा), स्ट्राइकआउट (पिचरनं तीन स्ट्राइकवर बाद केलेल्या बॅटर) आणि शेवटचा रकाना राष्ट्रीय विजेतेपदांचा. पहिलं नाव लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाच्या लिसा फर्नांडिसचं : ९३ विजय, ७ पराभव, २ विजेतेपदं. दुसरं टेक्सास विद्यापीठाच्या कॅट ऑस्टरमनचं : १३६ विजय, २५ पराभव, २,२६५ स्ट्राइकआउट. आणि शेवटच्या रकान्यात शून्य.

त्या शून्यावर ती अडून बसली आहे. तिच्या संघातल्या एका मोठ्या माणसानं मुलींना सांगितलंय की अंगठी (विजेत्या संघातल्या खेळाडूंना मिळते ती) नसेल तर आकड्यांना काही अर्थ नाही. ऑस्टरमन तिची सगळ्यात आवडती. दोघी डावखुऱ्या, हे एक कारण, आणि तिचे जुने व्हिडिओ पाहून ही ड्रॉप बॉल शिकायला बसते. आता विचारते, "आई, मग तिला तक्त्यात ठेवायचं की काढायचं?"

मला हा खेळ मुलीमुळेच कळायला लागला. ऑस्टरमनला खेळताना प्रत्यक्ष पाहिलेलं इथे कुणी आहे का?

धनंजय

मी पाहिलेलं नाही, पण स्पर्धेचं स्वरूप सांगतो, म्हणजे पुढची चर्चा सोपी होईल. मोसमाच्या शेवटी ६४ संघ निवडले जातात. त्यांतले ८ ओक्लाहोमा सिटीला पोचतात. तीच विमेन्स कॉलेज वर्ल्ड सिरीज. तिथे दोन पराभव झाले की घरी. २००५ पासून शेवटच्या दोन संघांत तीनपैकी दोन सामने जिंकणारा विजेता ठरतो, त्याआधी एकच अंतिम सामना असे. ऑस्टरमन टेक्सासकडून २००२, २००३, २००५ आणि २००६ असे चार हंगाम खेळली. त्यांतल्या शेवटच्या तीन हंगामांत टेक्सास ओक्लाहोमा सिटीपर्यंत पोचलं. २००३ ला यूसीएलए जिंकलं, २००५ ला मिशिगन, २००६ ला अ‍ॅरिझोना.

माझं मत विचाराल तर विजेतेपदाचा रकाना काढू नये. सॉफ्टबॉलच्या पिचरला बेसबॉलच्या पिचरसारखं चार-पाच दिवस थांबावं लागत नाही. हात खालून फिरतो, त्यामुळे ती रोज पिच करू शकते, कधी एका दिवसात दोन सामनेही. २००७ ला अ‍ॅरिझोनाच्या टॅरिन मोवॅटनं ओक्लाहोमा सिटीत एकटीनं १,०३५ चेंडू टाकले आणि संघाला जिंकून दिलं. म्हणजे एकटी पिचर संघाला विजेतेपदापर्यंत नेऊ शकते. मग जिला नेता आलं नाही तिला प्रश्न विचारला जाणारच.

वृंदा_ऑस्टिन

मानसी, मी पाहिलंय तिला. २००२ च्या ऑगस्टमध्ये मी मास्टर्ससाठी ऑस्टिनला आले आणि इथलीच झाले. २००३, २००५ आणि २००६ या तिच्या तीन हंगामांत टेक्सासच्या घरच्या मैदानावर, मॅकॉम्ब्स फील्डवर, जमेल तेवढ्या सामन्यांना गेले. २००२ चा तिचा पहिला हंगाम माझा हुकला, त्याची हळहळ आजही आहे. त्यामुळे उत्तर लांबणार आहे. चहा घेऊन बस.

पहिल्यांदा गेले ती लॅबमधल्या मैत्रिणीबरोबर. सॉफ्टबॉल म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. नावात 'सॉफ्ट' आहे म्हणून चेंडू मऊ असेल, अशी माझी समजूत. तो बारा इंच घेराचा टणक चेंडू कॅचरच्या मिटमध्ये आदळल्याचा आवाज आमच्या रांगेपर्यंत आला तेव्हा ती समजूत गेली. सहा फूट दोन इंचांची सडसडीत मुलगी, डावा हात खांद्यातून पूर्ण गोल फिरतो, कंबरेशी मनगटाचा झटका बसतो आणि चेंडू सुटतो. पिचरपासून होम प्लेट ४३ फुटांवर. त्यातही ती मोठी ढांग टाकून पुढे आलेली असते. बॅटरला अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळ मिळतो.

तिचा वेग मात्र असामान्य नव्हता. ताशी साधारण ६५ मैलांच्या आसपास. याच काळात टेनेसीकडून खेळणारी मोनिका अ‍ॅबट तिच्याहून कितीतरी वेगवान होती. पुढे २०१२ मध्ये तिनं ७७ मैलांचा विक्रम केला. ऑस्टरमनचं सगळं बळ चेंडूच्या फिरकीत होतं. क्रिकेटमध्ये चेंडू टप्पा पडून वळतो. इथे टप्पाच नाही, जे काही व्हायचं ते हवेत. तिचा ड्रॉप बॉल गुडघ्याच्या उंचीवर येतोय असं वाटायचं आणि शेवटच्या काही फुटांत जमिनीकडे बुडायचा. बॅट फिरलेली असायची, कॅचर गुडघ्यावर बसून चेंडू मातीतून उचलत असायची. तसाच येणारा पुढचा चेंडू छातीच्या वर जायचा. तिसऱ्या-चौथ्या डावापर्यंत समोरच्या चांगल्या चांगल्या बॅटर अंदाजानं बॅट फिरवू लागायच्या. मला खेळातलं काही कळत नव्हतं तेव्हाही हे कळलं.

आमच्या मागे एक आजोबा बसायचे. ते स्कोअरबुक लिहायचे. तिसऱ्या सामन्याला त्यांनी मला एक कोरी वही दिली आणि रकाने कसे भरायचे ते शिकवलं. त्या वह्या माझ्याकडे अजून आहेत. आता जे लिहिते ते त्या वह्या लिहिता लिहिता कळलेलं.

एका सामन्यात सात डाव असतात, म्हणजे २१ बॅटर बाद करायच्या. ऑस्टरमनची कॉलेजातली सरासरी सात डावांमागे १४.३४ स्ट्राइकआउट. तुझ्या मुलीला भागाकार करायला सांग : २१ पैकी १४. तीनपैकी दोन बाद ती एकटी करत होती आणि ते एखाद्या दिवशी नव्हे, चार हंगाम. ५५४, ४८८, ५९३, ६३० असे तिचे दरवर्षीचे स्ट्राइकआउट आहेत. बेरीज कर, २,२६५ येते. २० नो-हिटर, म्हणजे समोरच्या संघाला एकही हिट (चेंडू मारून बेस गाठणं) नाही असे २० सामने, आणि त्यांतले ७ परफेक्ट, म्हणजे एकही बॅटर पहिल्या बेसपर्यंतसुद्धा पोचली नाही. वर्षातली सर्वोत्तम कॉलेज खेळाडू म्हणून यूएसए सॉफ्टबॉलचा पुरस्कार तिला तीनदा मिळाला : २००३, २००५, २००६.

आता तो दुसरा रकाना बघ, पराभवांचा. २५. आणि शेजारी अर्न्ड रनची सरासरी ०.५१, म्हणजे दोन सामन्यांत मिळून एक धाव. आता सांग, जिच्याविरुद्ध समोरचा संघ सरासरी अर्धी धाव काढतो, ती २५ सामने हरते कशी? सरासरी ती सरासरीच, हरलेल्या दिवशी तिनं जास्त धावा दिल्याच असतील. क्षेत्ररक्षणातल्या चुकीमुळे गेलेल्या धावा या आकड्यात धरत नाहीत, हेही खरं. पण तेवढ्यानं २५ चा हिशेब लागत नाही. मी माझ्या वहीत ते पराभव शोधले. वहीची दोन बाजूंची दोन पानं असतात : डावीकडे पाहुणा संघ, उजवीकडे आपला. हरलेल्या दिवशीही डावीकडचं पान बहुतेक रिकामंच असायचं. उजवीकडचंही तसंच असायचं, हे दुखणं होतं.

सॉफ्टबॉलची पिचर अर्धाच खेळ खेळते. दुसऱ्या अर्ध्यात ती डगआउटमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या बाकावर, बसून असते. त्या अर्ध्यात धाव काढणं ऑस्टरमनच्या हातात नव्हतं, बॅटर म्हणून तिची ओळख कधीच नव्हती. मी तिला तेव्हा बघायचे. सहाव्या डावात शून्य-शून्य असताना ती कठड्याला टेकून उभी असायची, आणि टेक्सासची बॅटर बाद होऊन आली की तिच्या हेल्मेटवर थाप मारायची. मग हातमोजा घालून पुन्हा पिचिंगच्या वर्तुळात. माझी छाती धडधडत असायची, तिच्या चेहऱ्यावर काही दिसायचं नाही.

धनंजय, तुमचं मोवॅटचं उदाहरण अगदी योग्य आहे, पण अर्धंच. त्या २००७ च्या अंतिम फेरीत समोरच्या डगआउटमध्ये कोण होतं? मोनिका अ‍ॅबट. कॉलेजच्या इतिहासात सगळ्यात जास्त, २,४४० स्ट्राइकआउट घेणारी. टेनेसीनं पहिला सामना ३-० नं जिंकला. दुसरा दहा डाव चालला आणि टेनेसी १-० नं हरलं. तिसरा ५-० नं हरलं. शेवटच्या दोन सामन्यांत अ‍ॅबटच्या संघानं एकही धाव काढली नाही. शून्य धावांत सामना जिंकून देणारी पिचर अजून जन्माला यायची आहे.

धनंजय

मान्य, टेनेसीच्या शेवटच्या दोन सामन्यांचा मी विचार केला नव्हता. पण फर्नांडिसचं काय? ती पण पिचरच होती. तिनं १९९० आणि १९९२ अशी दोन विजेतेपदं मिळवली.

वृंदा_ऑस्टिन

फर्नांडिसचं उत्तर तिच्या बॅटमध्ये आहे! १९९३ मध्ये सगळ्या देशात अर्न्ड रनची सर्वोत्तम सरासरी तिची होती आणि फलंदाजीतली सर्वोत्तम सरासरीही तिचीच, .५१०, म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा हिट. ज्या अर्ध्या खेळात ऑस्टरमन बसून असायची, त्यात फर्नांडिस स्वतः बॅट घेऊन उभी राहायची. दोन्ही कामं असं कुणी करत असेल तर तिच्यापुढे मी हात जोडते. माझ्या यादीत फर्नांडिस ऑस्टरमनच्या वर आहे, हे ऑस्टिनमध्ये राहून लिहायला धीर लागतो.

पण त्याच १९९३ चा शेवट बघा. दोन्ही याद्यांत पहिली असलेली खेळाडू संघात असूनही यूसीएलए अंतिम सामना अ‍ॅरिझोनाकडून १-० असा हरलं. दोन्ही अर्धे खेळ खेळणारीलाही नऊ जणींचं काम एकटीनं करता येत नाही.

मानसी, मुलीला आणखी एक जोडी दाखव. मला तर हीच सगळ्यांत बोलकी वाटते. ऑस्टरमन तीन ऑलिंपिक खेळली : २००४ अथेन्स, २००८ बीजिंग, आणि २०२१ मध्ये झालेलं टोकियो.

अथेन्ससाठी तिनं २००४ चा कॉलेजचा हंगाम सोडला. त्या वसंतात मी एकदा मॅकॉम्ब्स फील्डवर गेले आणि तिसऱ्या डावात परत आले. नंतर उगाच वाईट वाटलं, कारण बाकीच्या मुली जीव तोडून खेळत होत्या. अथेन्सला ती २१ वर्षांची. अमेरिकेनं नऊ सामन्यांत ५१ धावा काढल्या आणि फक्त एक दिली. ती एक धावही अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियानं फर्नांडिसविरुद्ध काढली. म्हणजे ऑस्टरमननं संपूर्ण स्पर्धेत एकही धाव दिली नाही. सुवर्णपदक.

आता टोकियो. ती ३८ वर्षांची. पहिला सामना इटलीशी, फुकुशिमाच्या रिकाम्या स्टेडियममध्ये, कारण साथीमुळे प्रेक्षक नव्हते. सहा डाव तिनं टाकले, एक हिट दिली, नऊ बॅटर स्ट्राइकआउट केल्या. अमेरिका २-० नं जिंकली. पुढचे निकाल १-०, २-०, २-१, २-१. आणि अंतिम सामन्यात जपानकडून ०-२. बेरीज करा : सहा सामन्यांत नऊ धावा. रौप्यपदक.

अथेन्सला नऊ सामन्यांत ५१, टोकियोला सहा सामन्यांत ९. टोकियोला अमेरिकेच्या सगळ्या पिचरनी मिळून सहा सामन्यांत चारच धावा दिल्या, तरी सुवर्ण गेलं. आता पदकांचा रकाना वाचून कुणी म्हणालं की अथेन्सला ती मोठी होती आणि टोकियोला लहान, तर तुझी मुलगी काय म्हणेल?

बीजिंगबद्दल मी फार लिहीत नाही. अंतिम सामना तिनंच सुरू केला, जपान ३-१ नं जिंकलं. पण तो सामना युकिको उएनोचा होता. दोन दिवसांत तीन सामन्यांत तिनं ४१३ चेंडू टाकले होते. अमेरिका हरल्याचं दुःख झालं, तरी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्याशिवाय राहवलं नाही. आणि तेरा वर्षांनी टोकियोच्या अंतिम सामन्यात एका बाजूला पुन्हा तीच उएनो, ३९ वर्षांची, आणि दुसऱ्या बाजूला पुन्हा ऑस्टरमन. मी तेव्हा माझ्या मुलाला शेजारी बसवून सांगत होते की या दोघींना मी तुझ्या जन्माच्या आधीपासून बघतेय.

कीर्ती_एस

वृंदाताई, वाचता वाचता अंगावर काटा आला. मी एक भर घालते. मानसीनं विचारलेलं नाही, पण तेरा वर्षांच्या मुलीच्या आईला ते उपयोगी पडेल. माझी मुलगी कॉलेजात खेळून नुकतीच बाहेर पडली. या खेळात कॉलेजनंतर काय, हा प्रश्न आम्ही अलीकडेच अनुभवला.

ऑस्टरमनच्या वेळी कॉलेज खेळाडूला स्वतःच्या नावावर एक डॉलरही कमावता येत नव्हता. ती परवानगी जुलै २०२१ मध्ये आली. त्याच्या तीनच वर्षांनी निजारी कॅनडी स्टॅनफर्ड सोडून टेक्सास टेककडे गेली, तेव्हा तिच्या कराराची रक्कम १०,५०,०२४ डॉलर होती. दहा लाख तिला, पन्नास हजार राहण्याच्या खर्चासाठी आणि शेवटचे २४ तिच्या जर्सीच्या क्रमांकाचे. ऑस्टरमन कॉलेजातून बाहेर पडली ती २००६ ला. व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत) ती पहिल्या क्रमांकाची, पण तेव्हाच्या त्या लीगमधल्या पैशावर कुणाचं घर चालत नव्हतं. त्यातच २००५ च्या जुलैमध्ये ऑलिंपिक समितीनं सॉफ्टबॉल काढून टाकायचं ठरवलं होतं. म्हणजे ती शेवटचा कॉलेज हंगाम खेळली तेव्हा तिला ठाऊक होतं की बीजिंगनंतर पुढे काही नाही.

कॅनडीबद्दलही विजेतेपदाचा हाच प्रश्न विचारला गेलाय. २०२५ ला ओक्लाहोमा सिटीत टेक्सास टेकचा जवळजवळ प्रत्येक चेंडू तिनंच टाकला. अंतिम फेरीच्या तिसऱ्या सामन्यात पहिल्याच डावात पाच धावा गेल्या आणि तिला बसवलं. ज्यांनी तिला चार दिवस आधी डोक्यावर घेतलं होतं, तेच लोक दुसऱ्या दिवशी पैशांचा हिशेब मागत होते. अशा वेळी त्या वयाच्या मुलीच्या मनावर काय होतं ते मी घरात पाहिलंय, कितीतरी लहान पातळीवर. म्हणून मला वाटतं, अंगठीबद्दल मुलींना असं सांगणाऱ्या माणसाशी एकदा शांतपणे बोलावं.

वृंदा_ऑस्टिन

कीर्ती, शेवटच्या वाक्याला माझा पूर्ण पाठिंबा. मुलींना जिंकायला शिकवा, जरूर शिकवा, पण जे त्यांच्या हातात नाही त्याचं ओझं त्यांच्या खांद्यावर टाकू नका. पिचरच्या खांद्यावर तर नकोच!

कॉलेजनंतरचा ऑस्टरमनचा प्रवास मी थोडा पुढे नेते. २०१५ मध्ये तिनं निवृत्ती घेतली. सॅन मार्कोसच्या टेक्सास स्टेट विद्यापीठात ती सहायक प्रशिक्षक होती, म्हणजे ऑस्टिनपासून जेमतेम अर्ध्या-पाऊण तासावर. ऑगस्ट २०१६ मध्ये टोकियोसाठी सॉफ्टबॉल परत घेतलं गेलं. २०१८ मध्ये बातमी आली की ती परत खेळणार. पस्तिशीत! मी ती बातमी ऑफिसात वाचली आणि दार लावून घेतलं, कारण डोळे भरून आले होते. स्वतः प्रशिक्षक असलेली बाई पुन्हा रोजचा सराव, पुन्हा निवड चाचणी, आपल्याहून पंधरा वर्षांनी लहान मुलींबरोबर. आणि वर ऑलिंपिक एक वर्ष पुढे ढकललं गेलं.

त्या मधल्या वर्षात, २०२० मध्ये, शिकागोजवळच्या रोझमाँटला अ‍ॅथलीट्स अनलिमिटेड नावाची नवी लीग सुरू झाली. तिची रचना धनंजयना आवडेल. संघ दर आठवड्याला बदलतात. गुण प्रत्येक खेळाडूच्या खात्यात वेगळे जमा होतात, संघ जिंकला तर सगळ्यांना आणि स्वतःच्या कामगिरीचे वेगळे. हंगामाच्या शेवटी जिचे गुण सर्वांत जास्त ती विजेती. पहिल्या हंगामाची विजेती कोण? कॅट ऑस्टरमन, वय ३७. पिचरचा हिशेब पिचरच्या नावावर लिहायचं ठरवलं त्याच वर्षी ती पहिली आली.

पुढे २०२५ मध्ये एयूएसएल ही नवी व्यावसायिक लीग सुरू झाली तेव्हा व्होल्ट्स या संघाची जनरल मॅनेजर म्हणून तिला नेमलं, आणि टॅलन्स संघाची जनरल मॅनेजर होती लिसा फर्नांडिस. तक्त्यातल्या दोघी शेजारी शेजारी.

धनंजय, तुम्ही म्हणालात रकाना काढू नये. नकाच काढू. विजेतेपद मोठीच गोष्ट आहे. २०२२ आणि २०२४ ला टेक्सास अंतिम फेरीत ओक्लाहोमाकडून हरलं तेव्हा मी दोन्ही वेळा जेवले नव्हते. २०२५ ला टेक्सास टेकला शेवटच्या सामन्यात १०-४ हरवून आमचं पहिलं विजेतेपद आलं तेव्हा शेजाऱ्यांनी विचारलं की काय झालं, इतक्या जोरात मी ओरडले. पण त्या १० चा आकडा बघा. त्या रात्री आमच्या बॅटर धावल्या. मला तेव्हा २००५ ची, २००६ ची ती कठड्याला टेकून उभी असलेली उंच मुलगी आठवत होती. यांतल्या दोन-तीन धावा तिला उसन्या देता आल्या असत्या तर, असं सारखं वाटत राहिलं.

धनंजय

पटलं. एवढंच म्हणतो की 'सर्वश्रेष्ठ पिचर' आणि 'सर्वांत यशस्वी पिचर' हे दोन वेगळे तक्ते आहेत आणि मी दोन्हींचं एकच केलं होतं. होमरनचं बघितलं तरी तेच. ओक्लाहोमाच्या जोसलिन आलोचे १२२ होमरन, हा विक्रम तिचा एकटीचा. पण २०२१ आणि २०२२ ची दोन विजेतेपदं तिच्या मागेपुढे उभ्या असलेल्या बॅटर आणि पिचरचीही. विक्रम मोडायला आला होता तेव्हा समोरचे संघ तिला मारण्याजोगा चेंडूच देत नव्हते. ९५ वर बरोबरी झाल्यावर जवळजवळ तीन आठवडे तिला थांबावं लागलं आणि ९६ वा तिनं मारला तो हवाईत, स्वतःच्या घरच्या बेटावर.

मानसी_के

सगळ्यांचे खूप खूप आभार. काल रात्री हे सगळं तिला वाचून दाखवलं. वाचून काय, तिनं फोन माझ्या हातातून घेतला. १४.३४ चा भागाकार तिनं लगेच केला. टोकियोचे निकाल स्वतः जोडले, नऊच येतात.

ऑस्टरमन तक्त्यात राहिली. विजेतेपदांचा रकानाही राहिला. पण त्याच्या शेजारी तिनं अजून एक रकाना आखला आहे, 'तिच्या संघानं किती धावा काढल्या'. त्यात सध्या अथेन्सचे ५१ आणि टोकियोचे ९ एवढंच भरलंय. फर्नांडिसच्या १९९३ च्या अंतिम सामन्यासमोर शून्य. बाकीचं ती शोधणार आहे म्हणते. अ‍ॅबटच्या २००७ च्या शेवटच्या दोन सामन्यांसमोर तिनं दोन मोठी शून्यं काढली आणि बराच वेळ काही बोलली नाही.

संघातल्या त्या व्यक्तीशी मी शनिवारी सरावानंतर बोलणार आहे.

वृंदाताई, तिचा एक प्रश्न तुमच्यासाठी. तिला तुमच्यासारखं स्कोअरबुक लिहायचंय. व्हिडिओत तिला कुंपणावर लावलेले 'के' चे फलक दिसतात, त्यांतले काही उलटे असतात. तसं का?

वृंदा_ऑस्टिन

अगं, मला तर आनंदच झाला! तिला सांग, 'के' म्हणजे स्ट्राइकआउट. बॅट फिरवून चुकली तर सरळ के. बॅट न फिरवता नुसती बघत उभी राहिली आणि पंचानं तिसरा स्ट्राइक दिला तर उलटा. चेंडू स्ट्राइक झोनमध्ये येणार नाही असं बॅटरला वाटलं आणि तो वळून आत आला, म्हणजे उलटा के. तिनं ड्रॉप बॉल टाकला की सरळ के जास्त मिळतील. उलटा हवा असेल तर बाहेरून आत येणारा कर्व्ह शिकायला सांग, पण घाईनं नको, मनगट आधी तयार होऊ दे.

वहीत पेन्सिलनंच लिहायचं. आणि दोन्ही पानं भरायची, आपल्या संघाचंही. पुढच्या वसंतात तुम्ही ऑस्टिनला आलात तर मॅकॉम्ब्स फील्डवर माझ्या शेजारच्या दोन खुर्च्या तुमच्या. आजोबांनी दिलेली पहिली वही तिला दाखवायला घेऊन येईन.